चिपच्या पाठीवरची तारीख

मालवणात आषाढ लागलाय. धुरीवाड्यातल्या चिरेबंदी घराच्या माळ्यावर तुम्ही मांडी घालून बसला आहात. कौलांवर पाऊस वाजतोय, पागोळ्या खळ्यात पडताहेत आणि माडांपलीकडे समुद्राची गाज थांबायचं नाव घेत नाही. पुढ्यात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. काकांचा. काकांनी मुंबईत आयुष्यभर रेडिओ, टीव्ही आणि पुढे संगणक दुरुस्त केले. गणपतीला गावी येताना त्यांच्या पिशवीत काही ना काही असायचंच.

डब्याचं झाकण खाऱ्या हवेनं धरलंय. चमच्याच्या दांड्यानं उचकटलंत तेव्हा आत दिसल्या काळ्या फोममध्ये खोचलेल्या चार चिप आणि कागदाच्या पुडीत एक तांब्याचं नाणं.

आजी जिन्यातून डोकावते. "ह्यां काय घेवन बसलंस? ह्येका तर घोणीसारके पाय आसत!"

खरंच घोणीसारखे पाय. मोजून चाळीस, दोन्ही बाजूंना वीस-वीस. तुम्ही भिंग काढता, टॉर्च आडवा धरता आणि वही उघडता. संग्राहकाचा पहिला नियम एवढाच: पाठीवर जे दिसतं ते आधी जसंच्या तसं उतरवायचं, अर्थ नंतर लावायचा. एक अक्षर, एक टिंब, एक आडवी रेघसुद्धा सोडायची नाही. कारण त्यातल्याच एखाद्या खुणेत तारीख असते, आणि ती वाचता आली की तुम्ही माळ्यावर राहत नाही.

पहिला मुक्काम: १६७४

हात आधी नाण्याकडे जातो. पुडी सोडता आणि रायगडावरच्या टांकसाळीत उभे राहता. राज्याभिषेकाचं वर्ष. ऐरणीत बसवलेल्या ठशावर तांब्याची चकती ठेवली जाते, वरून दुसरा ठसा धरला जातो आणि हातोड्याचा एक घाव पडतो. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे प्रत्येक शिवराईवर अक्षरं वेगळ्या ठिकाणी तुटतात. ठसा झिजला की नवा कोरला जातो, आणि कोरणारा हात बदलला की वेलांटी बदलते. कुठे 'शिव', कुठे 'शीव', कुठे 'सिव'. भोवतीच्या ठिपक्यांची माळही सगळीकडे सारखी नसते.

नाणी जमवणारे या फरकांवरच जगतात. शुद्धलेखनाची चूक म्हणून ते त्याकडे बघत नाहीत. वेगळा ठसा, वेगळा हात, बहुधा वेगळा काळ, असं ते वाचतात. आणि तांबं कितीही काळवंडलेलं असलं तरी ते सोलं लावून घासत नाहीत, कारण काळं पुटही पुराव्याचाच भाग असतं. चिपच्या पाठीकडे याच डोळ्यांनी बघायचं आहे.

दुसरा मुक्काम: १९८१

पहिली चिप काळी, प्लॅस्टिकची. भिंगाखाली ओळी उमटतात. वर एएमडीचं नाव, खाली 'पी ८०८८', त्याखाली वर्तुळातला सी, आणि पुढे 'इंटेल १९७८'. एकाच चिपवर दोन कंपन्यांची नावं. नवखा माणूस इथे दोनदा फसतो. एकदा नावाला, एकदा सालाला.

१९७८ हे ही चिप बनल्याचं साल नव्हे. ते आराखड्याच्या मालकी हक्काचं साल आहे. त्याच आराखड्यावर पुढे कित्येक वर्षं चिप बनत राहिल्या आणि प्रत्येकीवर हेच साल छापलं गेलं. बनल्याची तारीख वेगळ्या ओळीत, चार आकड्यांत असते. आणखी एक खूण ध्यानात ठेवा: वर्तुळातला एम. अमेरिकेत चिपच्या आराखड्याला संरक्षण देणारा कायदा १९८४ मध्ये झाला आणि त्यानंतर हे चिन्ह चिपांवर दिसू लागलं. वर्तुळातला एम असेल, तर ती छपाई त्या कायद्यानंतरची.

दोन नावं का, हे समजायला १९८१ मध्ये चला. १ मे. रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा होतो आणि मालवण नव्या जिल्ह्यात येतं. साडेतीन महिन्यांनी, १२ ऑगस्टला, अमेरिकेत आयबीएम आपला पर्सनल कॉम्प्युटर लोकांपुढे ठेवते. त्याच्या पोटात ४.७७ मेगाहर्ट्झवर चालणारी ८०८८ असते. आयबीएमला एकाच पुरवठादारावर विसंबायचं नव्हतं, म्हणून इंटेलनं आपला आराखडा एएमडीला वापरू दिला. १९८२ च्या करारातून निघालेली ही वाट. सीमेन्स, फुजित्सू, हॅरिस यांनीही या घराण्यातल्या चिप बनवल्या. आतला आराखडा एकच असला तरी पाठीवरचं नाव, अक्षरांचं वळण आणि ओळींची मांडणी बदलली. संग्राहकाच्या दृष्टीनं यातली प्रत्येक चिप वेगळी.

आता पुढच्या अक्षराकडे बघा. इंटेलच्या पद्धतीत 'पी' म्हणजे प्लॅस्टिक. 'डी' म्हणजे दोन सिरॅमिक थरांमध्ये काच वितळवून बंद केलेली, मातकट-करडी चिप. 'सी' म्हणजे सोनेरी पायांची उंची सिरॅमिक. मागचा आकडा वेगाचा: साधी ८०८८ पाच मेगाहर्ट्झची, तर आडव्या रेघेपुढे २ असेल तर आठची. अक्षर आणि आकडा वहीत घेतलात की निम्मी ओळख पटली.

चिप पालथी करा. पोटावर एखाद्या आग्नेय आशियाई देशाचं नाव असेल, तर तिथे चिपला पाय लावून आवरण घातलं गेलं. सिलिकॉनचा तुकडा बहुतेक वेळा दुसरीकडेच बनलेला असतो. इंटेलचा पेनांगचा कारखाना १९७२ पासून चालू होता. म्हणजे कितीतरी चिप घडल्या एका देशात, त्यांना पाय फुटले दुसऱ्या देशात.

तिसरा मुक्काम: ८४३७

दुसरी चिप. 'आर ६५०२ एपी', रॉकवेलची. खाली आकडे: ८४३७. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. १९८४ चा ३७ वा आठवडा. ३७ ला ७ नं गुणा: २५९. वर्षाचा २५९ वा दिवस म्हणजे सप्टेंबरचा मध्य. खाली भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं आहे. ते १९७३ मध्ये सुरू करणारे जयंतराव साळगांवकर याच मालवणचे. ज्या गावानं महाराष्ट्राला घरोघर तारीख बघायला लावलं, त्या गावात बसून चिपची तारीख काढताना वेगळाच आनंद होतो.

मॉस टेक्नॉलॉजी ही ६५०२ ची मूळ कंपनी मात्र उलटं लिहायची: आधी आठवडा, मग वर्ष. तिच्या चिपवर हाच काळ ३७८४ असा दिसेल. घाबरायचं कारण नाही. वर्षात फार तर ५३ आठवडे, आणि १९७० ते १९९९ पर्यंतच्या सालांचे शेवटचे दोन आकडे नेहमी ५३ च्या वरचे. म्हणून जोडीतला मोठा आकडा हेच वर्ष. २००० नंतरच्या चिपांना ही सोय नाही. तिथे ०४०८ समोर आलं, तर कंपनीची रीत माहीत असावी लागते.

थोडं मागे चला. सप्टेंबर १९७५, सॅन फ्रान्सिस्को. वेस्कॉन नावाचं इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन भरलंय. मॉसला प्रदर्शनाच्या जागेत विक्री करू देत नाहीत, म्हणून चक पेडल आणि मंडळी हॉटेलच्या खोलीत दुकान मांडतात. टेबलावर काचेच्या बरण्या, आजीच्या लोणच्याच्या बरण्यांएवढ्या, वरपर्यंत ६५०२ नं भरलेल्या. किंमत २५ डॉलर. बाकीच्यांच्या चिप तेव्हा याच्या कैक पट महाग होत्या. तुम्ही बरणीत हात घालता आणि पांढऱ्या सिरॅमिकची एक उचलता. वरची असेल तर चालेल. तळाच्या चालतच नव्हत्या, बरणी भरलेली दिसावी म्हणून घातल्या होत्या, असं पेडलनं पुढे स्वतःच सांगितलं.

या सुरुवातीच्या चिपांमध्ये आरओआर ही सूचना चालत नव्हती. आकड्याचे बिट उजवीकडे फिरवणारी ही सूचना १९७६ च्या मध्यानंतर सुधारून आली. पाठीवर तसं कुठे लिहिलेलं नाही. फक्त तारीख बोलते. १९७६ च्या मध्याच्या आधीची पांढरी ६५०२ हाताशी लागली, तर ती आधीच्या जन्माची. संग्राहक याच चार आकड्यांसाठी जीव टाकतात.

आता परत १९८४. 'एपी'मधलं 'ए' म्हणजे दोन मेगाहर्ट्झ, आणि ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रोला हाच वेग लागायचा. १९८४-८५ मध्ये भारत सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरतेचा उपक्रम सुरू केला तो याच संगणकावर. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडनं तो परवान्यानं इथेच जोडला आणि त्याला 'युनिकॉर्न' नाव दिलं. ७ फेब्रुवारी १९८९ ला मोहालीच्या त्या कारखान्याला आग लागली आणि देशाची चिप बनवण्याची उमेद वर्षानुवर्षं मागे पडली. भारतीय नाव छापलेली जुनी चिप कुठे सापडली, तर ती जिवापाड जपायची, ती यासाठी.

काकांनी ही ६५०२ कुठून आणली? एखाद्या शाळेतल्या बंद पडलेल्या संगणकातून? पाठीवर तेवढं मात्र लिहिलेलं नाही.

चौथा मुक्काम: मिरग, १९८७

तिसरी चिप चौकोनी, करड्या सिरॅमिकची. पोटाला सोनेरी टाचण्यांचं रान. 'ए ८०३८६-१६'. पुढचं 'ए' म्हणजे टाचण्यांचं आवरण, १६ म्हणजे मेगाहर्ट्झ. 'डीएक्स' ही अक्षरं नाहीत, आणि ही गोष्ट महत्त्वाची. १९८८ मध्ये धाकटी ३८६ एसएक्स आल्यावर थोरलीला डीएक्स म्हणायला लागले. म्हणजे ही त्याआधीची.

खाली लांबलचक क्रमांक, सुरुवात 'एल ७२४'. इंटेलच्या रीतीत पहिलं अक्षर कारखान्याचं, मग वर्षाचा शेवटचा आकडा, मग आठवडा. ७ म्हणजे १९८७ की १९९७? हा पेच क्रमांकानं सुटत नाही, चिपच्या जातीनं सुटतो. डीएक्स नसलेली ३८६ ही १९८७ चीच. २४ वा आठवडा, १७ जूनच्या आसपास. मालवणात मिरग लागून दहा दिवस झालेत, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळांनी शाकारल्यात.

त्याच दिवसांत अमेरिकेत इंटेलच्या तपासणीच्या टेबलापाशी तुम्ही उभे आहात. १९८५ च्या ऑक्टोबरात आलेल्या या चिपमध्ये दोष सापडलाय. ठराविक तापमानाला आणि विजेच्या दाबाला काही नग ३२ बिटांचा गुणाकार चुकवतात. म्हणून प्रत्येक नग तपासला जातोय. जो कसोटीला उतरला त्याच्या पाठीवर दोन सिग्मा, ΣΣ. जो उतरला नाही त्याच्यावर ठसठशीत ओळ: '१६ बिट एस/डब्ल्यू ओन्ली'. म्हणजे फक्त १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवा.

चूक झाली ती कंपनीनं चिपच्या कपाळावर छापली. दोन सिग्मा पुढे नव्या चिपांवरही येत राहिले, त्यामुळे ते तसे दुर्मीळ नाहीत. '१६ बिट'वाली ओळ मात्र कमी दिसते, कारण सदोष चिप सांभाळून ठेवतो कोण?

भिंगाखाली तुमच्या चिपवरची छपाई पुसट झालीय. पांढरा खडू आडवा धरून हलकेच फिरवा, मग बोटानं पुसा. खडूची भुकटी खाचांत बसते. टॉर्च तिरपा करा. दोन सिग्मा. काकांची चिप पास झालेली होती.

पाचवा मुक्काम: पुणे, १९९१

ही चिप डब्यात नाही, पण या प्रवासातून तिला वगळता येणार नाही. गणेशखिंडीतला पुणे विद्यापीठाचा परिसर. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' उभा राहतोय. अमेरिकेकडून महासंगणक मिळवताना अडवणूक झाली, तेव्हा आपणच बनवू, असं ठरलं. कपाटाचं दार उघडलं जातं. आत ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर. ६४ नोडांच्या यंत्रात एकेका नोडला एक.

पाठीवर 'आयएमएस टी ८००', आणि पुढे 'जी २० एस'सारखी शेपटी. जी म्हणजे टाचण्यांचं सिरॅमिक आवरण, २० म्हणजे मेगाहर्ट्झ, एस म्हणजे सर्वसाधारण वापराची प्रत. लष्करी प्रतीवर एम असतो. प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार दुवे, चार शेजाऱ्यांशी बोलायला. एकट्याची ताकद बेताची, पण रापणीच्या दोरीला गाव लागावं तसे सगळे मिळून ओढतात.

असा एखादा टी ८०० तुम्हाला कधी मिळाला, तर पाठीवर इन्मॉसचं नाव आणि तारीख असेल. तो पुण्याच्या त्या कपाटात होता की नाही, हे त्याला सांगता येणार नाही. ते फक्त ज्यानं काढून ठेवला तो सांगू शकतो. इथवर येऊन ही खंत दुसऱ्यांदा भेटली.

सहावा मुक्काम: एस एक्स ८३७

चौथी आणि शेवटची. जड, मोठी, पाठीवर सोनेरी पत्रा. पेन्टियम, ६६ मेगाहर्ट्झ. ओळींत 'एस एक्स ८३७' असा छोटा संकेत. इंटेल चिपच्या प्रत्येक बदललेल्या आवृत्तीला असा स्वतंत्र संकेत देते. नाव तेच, वेग तोच, संकेत वेगळा, म्हणजे आतलं काही बदललं.

१९९४ आहे. मुंबईहून मालवणला यायचं तर रात्रीची एस.टी., कोकण रेल्वेचे बोगदे अजून खणले जाताहेत. अमेरिकेत व्हर्जिनियाचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाईसली यांचं उत्तर पुन्हा पुन्हा चुकतंय. शोधता शोधता चूक चिपपर्यंत पोचते. भागाकारासाठी आत ठेवलेल्या १०६६ नोंदींच्या कोष्टकात पाच नोंदी राहून गेल्यात. ४१९५८३५ ला ३१४५७२७ नं भागा. उत्तर १.३३३८२ यायला हवं. ही चिप सांगते १.३३३७३. २० डिसेंबरला इंटेल सगळ्या चिप बदलून द्यायला तयार होते आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढते.

एस एक्स ८३७ हा त्या सदोष पेन्टियमांपैकी एकाचा संकेत. ज्यांनी बदलून घेतल्या, त्यांच्या चिप परत गेल्या. काकांची इथेच राहिली.

सातवा मुक्काम: बंद खोली

याच दशकात, दार लावून घेतलेली एक खोली. आत चिपांवरची जुनी छपाई घासून काढली जातेय आणि जास्त वेगाची नवी छापली जातेय. १३३ ची १६६ होते आणि गिऱ्हाईक जादा पैसे मोजतो. आज हीच विद्या संग्राहकांवर चालते. १५ नोव्हेंबर १९७१ ला जाहीर झालेली इंटेलची ४००४, त्यातही पांढऱ्या सिरॅमिकवर करड्या रेषा दिसणारी, सगळ्यांत मानाची. जिथे मान तिथे खोटं येतंच.

तुम्ही खोटं पकडायला शिका. प्लॅस्टिकच्या चिपवर साच्यातून आलेले गोल खळगे असतात. त्यांची कड बोथट किंवा तळ रंगानं भरलेला असेल, तर वरून थर दिलाय. टॉर्च आडवा धरल्यावर एकाच दिशेचे ओरखडे दिसले, तर घासलीय. कापसावर थोडं ॲसिटोन घेऊन कडेला लावा. कापूस काळा झाला, तर काळा थर नंतरचा. मात्र हे छपाईपासून दूर करा, कारण अस्सल शाईही ॲसिटोननं निघू शकते. आणि सगळ्यांत सोपी परीक्षा: चिप बाजारात येण्याआधीची तारीख तिच्या पाठीवर असेल, तर पुढे काही बघायलाच नको.

परत माळ्यावर

पाऊस थांबलाय. कौलांच्या फटीतून ऊन येतंय. चारही चिप ओळीनं मांडल्या आहेत आणि आता दिसतं की ६५०२ चे दोन पाय हिरवे पडून मोडायला आलेत. खाऱ्या हवेचा दोष आहेच, पण अर्धा दोष त्या काळ्या फोमचा. जुना फोम विरघळून चिकट होतो आणि धातूला खातो. फोम लगेच काढा. चिप स्थिर वीज न धरणाऱ्या नळीत किंवा पिशवीत घाला, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि डबा हवाबंद करा. दर पावसाळ्याआधी पुडी बदला. पाय चमकवायला जाऊ नका. शिवराईला सोलं लावत नाहीत, तसंच.

वहीत आता चार नोंदी आहेत. कोणी बनवली, कशात घातली, कुठल्या आठवड्यात निघाली, कुठली चूक घेऊन आली, सगळं आलं. एक रकाना रिकामा राहिलाय: आयुष्य कुठे गेलं? तो भरायला काका आज नाहीत.

म्हणून तुम्हाला एकच विनंती. शाळेतला, पतसंस्थेतला, ग्रामपंचायतीतला, घरातला जुना संगणक भंगारवाल्याच्या काट्यावर चढण्याआधी एकदा उघडा. सोन्याच्या पाण्यासाठी या सिरॅमिक चिप वजनावर विकल्या जातात आणि वितळतात. चिप अलगद काढा, पाठीवरच्या ओळी जशाच्या तशा उतरवा आणि तिच्यासोबत एक चिठ्ठी ठेवा: ही कुठल्या गावात, कुठल्या टेबलावर, कोणाच्या हाताखाली, किती वर्षं चालली. जन्मतारीख कारखान्यानं छापलीच आहे. बाकीचं तुम्ही लिहिलं नाही, तर ते कुणालाच कधी वाचता येणार नाही.